जी.आय.जो, ही-मॅन आणि त्यांचे पुठ्ठे : सांगली-साताऱ्यातल्या कामाच्या नोंदी

1 जून, सांगली

काम काय आहे ते आधी सांगते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडच्या दुकानांत जी.आय.जो आणि ही-मॅनच्या ज्या फिगर, म्हणजे हातपाय हलणारी प्लास्टिकची छोटी माणसं, मिळायच्या त्या गोळा करायच्या, पण नुसत्या फिगर नाहीत, ज्याच्यावर फिगर लावून यायची तो छापील पुठ्ठा, खोका, बिल, किमतीचं लेबल, जे हाताला लागेल ते, आणि हा माल सांगली-साताऱ्यापर्यंत आला कसा ते शोधायचं. फिगर जमवणारे बरेच आहेत. पुठ्ठे जमवणारे कमी, कारण पुठ्ठा बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात गेलेला असतो.

सुरुवात दादाच्या बिस्किटाच्या डब्यापासून केली, त्याच्या लहानपणच्या फिगर त्यात आहेत. एका जी.आय.जोच्या कमरेच्या मागं भिंगातून बघितलं तर बारीक अक्षरात हॅस्ब्रो, म्हणजे जी.आय.जो काढणारी अमेरिकन कंपनी, आणि 1985. मी वहीत लिहून टाकलं, 1985 चा माल. दादा म्हणला अगं येडे, हा मला चौथीत असताना मिळाला, म्हणजे 1994 वगैरे, आणि 1985 ला आपल्याकडं हे मिळतच नव्हतं. त्याचं बरोबर निघालं. हॅस्ब्रोनं पावणेचार इंची जी.आय.जो अमेरिकेत 1982 ला काढले, तिकडचं काम झालं की साचे बाहेरच्या देशांत फिरायचे, ब्राझीलमध्ये एस्त्रेला कंपनीकडं, आपल्याकडं फनस्कूलकडं. फनस्कूल टायरवाल्या एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीत 1987 ला निघाली, कारखाना गोव्यात. म्हणजे फिगरवर कोरलेलं साल हे साच्याचं असतं, माल त्याच्यानंतर कितीही वर्षांनी निघालेला असू शकतो. ही-मॅनचं तसंच, पाठीवर त्याच्या अमेरिकन कंपनीचं नाव, मॅटेल, आणि 1981 असतं आणि अमेरिकेतसुद्धा तो दुकानात 1982 ला आला, आपल्याकडं तर ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ नावाखाली अजून पुढं.

मग मालाचं साल कळणार कुठून? पुठ्ठ्यावरून. म्हणून हा सगळा खटाटोप.

3 जून

दोन जी.आय.जोची कंबर लोंबत होती. पाठीत एक स्क्रू असतो, तो काढला की छाती आणि पाठ वेगळी होते, आत काळी रबरी ओ-रिंग, ती वर धडात आणि खाली पायांच्या हुकात अडकलेली असते आणि सगळं माणूस तिच्या ताणावर उभं असतं. इतक्या वर्षांत ते रबर कडक होतं आणि तुटतं.

कुपवाड एमआयडीसीकडं पंपाची सीलं विकणारं दुकान आहे तिथं ओ-रिंग मिळतात, पाच रुपयाला एक. मी नुसता गोलाकार बघून घेतल्या, जाडी बघितली नाही. जाड रिंग घातली, ताण जास्त बसला आणि पाय वळवताना एकाचा कंबरेचा तुकडा मधोमध तडकला. तो आता गेला. तुटकी रिंग दुकानात सोबत न्या, जाडी व्हर्नियरनं मोजून घ्या, आणि रिंग बसल्यावर फिगर खुर्चीवर बसल्यासारखी सहज वाकली पाहिजे, जोर लावावा लागला तर काढा.

तडकलेला तुकडा मी इन्स्टंट ग्लूनं चिकटवायला गेले तर आजूबाजूला पांढरी वाफ बसल्यासारखा थर आला. काळ्या प्लास्टिकवर तर फारच दिसतं. तो प्रकार पुन्हा नाही. अंगठ्यांचंही बघा, बंदूक जाड मुठीची असेल तर ह्या फिगरचे अंगठे पटकन तुटतात, फोटोपुरती बंदूक द्यायची आणि परत काढून ठेवायची.

ही-मॅनचे पाय आतून रबरानं ओढलेले असतात आणि त्याचं धड चिकटवलेलं असतं, ते फोडू नका. पायाच्या भोकातून वाकडी तार घालून नवीन रबर ओढून घेता येतं. चिकाटी लागते आणि शेजारी कुणी बोलणारं नको. मुंडकं मऊ असतं, गरम पाण्यात धरलं की निघतं.

8 जून

मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ, सकाळपासून दुपारपर्यंत. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच, पोरगं केवढंय ताई. मला स्वतःला पाहिजे म्हणलं की माणूस मागं सरकतो आणि आतल्या पोराला बोलवतो.

आणि सगळीकडं एकच उत्तर, पुरात गेलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर होतं, मारुती रोडच्या दुकानांत पाणी होतं, 2021 ला परत आलं, त्याच्या आधी 2005 चं होतंच. जुना माल लोक खाली गोदामात किंवा जिन्याखाली ठेवतात, चालू माल वर. म्हणजे पूर आला की जे जुनं तेच पहिलं भिजतं. एका दुकानदारानं सांगितलं की पुरानंतर जुन्या खेळण्यांची पोती भरून कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकली, फिगर चांगल्या होत्या पण पुठ्ठ्याचा लगदा झालेला आणि वास मारत होता, कोण घेणार. ऐकून पोटात कालवलं पण त्यांचं तरी काय चुकलं, दुकानात चिखल असताना.

एवढ्या फिरण्यातून हाताला काय लागलं तर एक सुटी फिगर, हत्याराशिवाय, 150 रुपये. आणि एक पत्ता, साताऱ्याचा. पत्ता देणाऱ्या दुकानदाराच्या सासऱ्यांचं दुकान होतं म्हणे राजपथाला, बंद झालंय, पण माळा कुणी उतरवला नाहीय.

ह्याच्यावरून मी एक ठरवलं. सांगलीत शोधायचं तर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांकडं. आणि पुठ्ठे शोधायचे तर सातारा, कारण तिथं कृष्णा दुकानात येत नाही.

15 जून, सातारा

हा दिवस मोठा आहे, नीट लिहिते.

काका, म्हणजे ते सासरे, ऐंशीच्या पुढचे. दुकान मोती चौकाच्या अलीकडं होतं, आता खाली मोबाइलवाला भाड्यानं आहे आणि वरचा माळा तसाच. मी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं तरी त्यांना वाटलं मी विम्याची आहे. मग दादाच्या डब्यातला एक जी.आय.जो काढून टेबलावर ठेवला, तो हातात घेऊन त्यांनी पाठीचा स्क्रू बघितला आणि म्हणाले, “हा गोव्याचा माल. ह्याला गिऱ्हाईक कमी होतं बघ. पोरगं रडायचं आणि बाप म्हणायचा एवढ्याशा बाहुल्याला एवढे पैसे? त्या पैशात क्रिकेटची बॅट येती.”

“मग खपायचं कधी, काका?”

“दिवाळी आणि मे महिना. मुंबईची पावणी आली की खपायचं. बाकी वर्षभर खिळ्याला लटकून धूळ खायचं.”

माळ्यावर जायला लोखंडी शिडी, वरती कौलातून उजेड, आणि उंदरांचा वास. बल्ब नव्हता, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून काम केलं. जे सापडलं ते असं.

एक कोरुगेटेड खोका, रिकामा, फनस्कूलचा, झाकणाच्या दोन पाकळ्या उंदरानं खाल्लेल्या. जी.आय.जोचे दोन पुठ्ठे, बबल, म्हणजे फिगरवरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच, फाडून फिगर काढून घेतलेल्या, वरचं टांगायचं भोक फाटलेलं. काका म्हणाले गिऱ्हाइकाला आत काय आहे ते हातात घेऊन बघायचं असायचं, आम्ही पाकीट उघडून दाखवायचो, मग पुठ्ठा द्यायचा कशाला. एक खेळण्यातल्या गाडीचं खोकं, सपाट केलेलं. आणि बिलांच्या दोन फायली, दोरीनं बांधलेल्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या पण मधला भाग शाबूत.

सगळ्यात भारी ते सपाट खोकं. आतली बाजू करड्या रंगाची कोरी असते ना, त्याच्यावर काकांनी पेननं उधारी लिहिलेली, नावं, आकडे आणि तारीख, नोव्हेंबर 93, दिवाळीचा आठवडा. म्हणजे त्या तारखेच्या आत ते खोकं दुकानात येऊन, उघडून, फाडून झालं होतं. कंपनीचा कुठलाही शिक्का इतका पक्का पुरावा देत नाही. नावं झाकूनच फोटो काढलाय, त्यातली काही घराणी अजून गावात आहेत.

मी पैसे विचारले तर काका म्हणाले रद्दीचे काय पैसे. तरी जबरदस्तीनं पाचशे ठेवले आणि फायली परत आणून देते म्हणून लिहून दिलं. येताना काकूंनी कंदी पेढे दिले. पेढ्यांचा खोका आणि पुठ्ठे एकाच पिशवीत ठेवू नका, तूप लागतं. माझे वाचले, कारण बसमध्ये वेळेवर लक्षात आलं.

16 जून

रिकाम्या खोक्याकडं मी आधी दुर्लक्ष करणार होते, पुठ्ठे बघायची घाई. पण खरी माहिती त्याच्यावरच निघाली.

छापील भागात कंपनीचं नाव, माल किती नग, वजन. त्याच्यावर ट्रान्सपोर्टवाल्यांनी जाड मार्करनं लिहिलेलं असतं, बिल्टीचा म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर, एकूण नगांपैकी हा कितवा, आणि गाव. ह्या खोक्यावर दोन वेगळी अक्षरं आहेत. एक निळसर, पुसट, त्यात पुणे लिहिलंय. त्याच्यावर आडवी काट मारून दुसऱ्या हातानं काळ्या शाईत सातारा. म्हणजे एकच खोका दोनदा गाडीत चढलाय, न उघडता. पहिल्यांदा पुण्याला, तिथनं साताऱ्याला.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. माल गोव्यात बनायचा. गोव्याहून हायवेला लागला की कोल्हापूर, कराड, सातारा आणि मग पुणे. म्हणजे हा खोका बहुतेक साताऱ्याच्या शेजारूनच पुण्याला गेला आणि तिथनं मागं आला. काकांना फोन केला तर हसले, म्हणाले अगं बरोबरच आहे, आम्ही पुण्याचं गिऱ्हाईक, तिथल्या बोहरी आळीतनं माल उचलायचा, गोव्याला कोण ओळखतंय आम्हाला.

22 जून

हा आठवडा वाया गेला असं समजा. उरलेल्यांचा वाचावा म्हणून लिहिते.

एका पुठ्ठ्यावर दुकानाचं प्राइस गनचं केशरी लेबल होतं, बरोबर चित्रातल्या कमांडोच्या तोंडावर. ते काढायचं होतं. कुणीतरी सांगितलं पेट्रोल लावा. गाडीचं पेट्रोल लावलं, लेबल निघालं, पण पुठ्ठ्यात तेलकट गोल डाग उतरला तो उतरलाच. त्याच्याऐवजी लायटरमध्ये भरायचं फ्युएल घ्या, छोटी बाटली, ते पटकन उडून जातं आणि डाग मागं ठेवत नाही. आधी कोपऱ्यात कापसानं लावून छपाईचा रंग सुटत नाही ना ते बघायचं. दुसरा उपाय हेअर ड्रायर, लांबून, गोंद ऊबदार झाला की पोस्टकार्डाच्या कडेनं हळूहळू उचलायचं. बबल अजून चिकटलेला असेल तर ड्रायर अजिबात नको, बबल वाकडा होतो.

पण डागापेक्षा मोठा घोटाळा पुढं आहे. केशरी लेबलाच्या खाली अजून एक पांढरं लेबल होतं, मी त्या नादात तेही सोलून चिमटीत चुरगाळलं. नंतर बघते तर त्याच्यावर छापील महिना-साल आणि नवीन किंमत होती, आणि त्याच्याखाली पुठ्ठ्यावर जुनी किंमत, स्थानिक कर वेगळे अशी. म्हणजे पुठ्ठा आधीच्या काळात छापलेला, माल नंतर भरलेला किंवा पडून राहिलेला, आणि विकताना नवीन लेबल मारलेलं. तीन वेगळ्या वेळांचा हिशोब एकावर एक होता आणि त्यातला मधला मी कचऱ्यात घातला. चुरगाळलेलं लेबल शोधून सरळ केलं, साल वाचता येतं, महिना गेला.

आता पद्धत अशी ठेवलीय. काही काढण्याआधी फोटो, तिरका प्रकाश टाकून परत फोटो, आणि निघालेलं प्रत्येक लेबल बटर पेपरवर चिकटवून त्याच पुठ्ठ्यासोबत. आणि शक्यतो काढायचंच नाही. कमांडोचं तोंड झाकलेलं राहू दे.

29 जून

पाऊस. साताऱ्याहून आणलेल्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी दिसली, आणि फायलीतनं चंदेरी कसर पळताना दिसली. कसरीला खळ आणि कागद दोन्ही आवडतं.

बुरशी घरात झटकू नका, मी गच्चीत पावसाची उघडीप बघून मास्क लावून मऊ ब्रशनं काढली. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, पसरते. मग टीपकागदाच्या दोन घड्यांमध्ये पुठ्ठा, वर पाट, पाटावर पाटा. टीपकागद रोज बदलायचा. चार-पाच दिवसांत वाकलेला पुठ्ठा बऱ्यापैकी सरळ होतो.

फाटलेलं टांगायचं भोक जोडायला इथल्या एका जुन्या बाइंडरला विचारलं. ते म्हणाले गव्हाची खळ करा आणि चिमूटभर मोरचूद टाका, कीड लागत नाही. खळ केली, चांगली बसते, शिवाय पाण्यानं परत सोडवता येते म्हणून मला ती फेव्हिकॉलपेक्षा पटली. मोरचूद मात्र मी टाकला नाही. त्यांच्या वह्यांना ठीक आहे, पण त्याची हिरवट झाक पुठ्ठ्याच्या पांढऱ्या कडेला दिसते आणि आम्लामुळं कागद पुढं ठिसूळ होतो. त्याऐवजी डब्यात सिलिका जेल आणि महिन्यातनं एकदा उघडून बघणं.

लॅमिनेशन करू का असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर, नको.

6 जुलै

ऑनलाइन एक बंद पाकीट घेतलं होतं, जी.आय.जो, बबलसकट, 2800 रुपये. आलं. पहिल्या नजरेला एकदम कडक. जरा जास्तच कडक.

भिंग लावलं. साताऱ्याच्या पुठ्ठ्यावर चार रंगांचे ठिपके ओळीत बसलेले, फुलासारखी नक्षी दिसते, ती छापखान्यातल्या ऑफसेट छपाईची खूण. नव्या पाकिटावर ठिपके कसेही उडालेले, अक्षरांच्या कडा केसाळ, म्हणजे घरगुती इंकजेट प्रिंटर. मग नोटा तपासायचा दिवा लावला, किराणा दुकानात असतो तो, तीनशे रुपयाला मिळतो. साताऱ्याचा पुठ्ठा मातकट राहिला आणि हा निळा पेटला. नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नका, कागद उजळ करणारं रसायन पूर्वीपासून वापरतात, काही खरे पुठ्ठेसुद्धा थोडे चमकतात, पण भिंग आणि दिवा दोन्ही एकाच बाजूला बोलत असतील तर झालं. तिसरी खूण बबलच्या कडेला. कारखान्यात बबल उष्णतेनं दाबून बसवतात, त्याची पट्टी चारी बाजूंना सारखी दबलेली असते. ह्याच्यात एका कोपऱ्यात गोंद बाहेर आलेला आणि वाळून पिवळा.

गंमत म्हणजे आतली फिगर खरी. खऱ्या सुट्या फिगरला खोटं घर बांधून दिलेलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, बरीच घासाघीस होऊन हजार परत आले. बाकीचे शिकवणीला.

13 जुलै

बऱ्याच जणांनी विचारलं की साल ठरवतेस कशावरून, म्हणून सध्या जे तपासते ते सांगते.

पहिलं किंमत. 1977 च्या पॅकेज मालाच्या नियमांपासून बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल, किंमत छापावं लागत होतं. 1990 च्या दुरुस्तीनंतर कमाल किंमत सर्व करांसह छापणं सक्तीचं झालं, त्याच्या आधी कर वेगळे असं लिहिलेलं चालायचं. म्हणून कर वेगळे दिसलं की छपाई जुनी. छपाई, बरं का, विक्री नाही, माझ्या सोललेल्या लेबलावरून कळलंच.

दुसरं गावाचं नाव. मद्रास असेल तर छपाई बहुतेक 1996 च्या आधीची, चेन्नई असेल तर नंतरची. बॉम्बे आणि मुंबईचं 1995. इथं एखाद-दोन वर्षं इकडंतिकडं धरा कारण छापलेले पुठ्ठे कुणी फेकून देत नाही, संपेपर्यंत वापरतात.

तिसरं बारकोड. 890 नं सुरू होणारे भारतीय नंबर देणारी संस्था 1996 ला निघाली. 890 चा बारकोड असेल तर मी तो पुठ्ठा नव्वदच्या शेवटाकडं ढकलते. बारकोड नसेल तर त्याच्यावरून काही ठरवत नाही.

फोन नंबरचे आकडेही मोजा, मुंबईचे सातचे आठ 2002 ला झाले.

ह्या सगळ्यात फिगरवरचं साल कुठंच येत नाही हे लक्षात घ्या. ते फक्त साचा ओळखायला. उलट फिगरचा रंग कामाला येतो, फनस्कूलनं एकच साचा वेगवेगळ्या रंगांत काढलेला आहे, अमेरिकेतल्या रंगाशी मेळ बसत नाही, आणि म्हणूनच तिकडचे लोक आपला माल मागवत होते आणि अजून शोधतात. दादाच्या डब्यातल्या एकाचे हात एका फिगरच्या साच्यातले आणि पाय दुसऱ्या फिगरच्या असं वाटत होतं, मी कुणीतरी दोन फिगर जोडल्या असं समजून बाजूला ठेवला होता. स्क्रू उघडून बघितलं, खाचा अगदी न दुखावलेल्या, आतली रिंग पहिलीच. पहिल्यापासूनच तसा. परत आत घेतला.

20 जुलै, मिरज

पुण्याला जाऊन परत येण्याचं कोडं डोक्यात होतं. मिरजेत ओळखीतनं एक गृहस्थ भेटले, ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होते, आता रिटायर. त्यांनी अर्ध्या तासात सोडवलं.

दुसऱ्या राज्यातनं थेट माल घेतला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, सी फॉर्म, म्हणजे घेणाऱ्यानं द्यायचा विक्रीकराचा फॉर्म, दिला तर चार टक्के, नाही दिला तर जास्त. छोट्या दुकानदाराला सी फॉर्म म्हणजे विक्रीकर ऑफिसला खेपा. म्हणून मोठ्या कंपन्या राज्याराज्यात स्वतःचा डेपो ठेवायच्या, कारखान्यातनं डेपोला माल गेला की ती विक्री नाही, नुसती बदली, त्याला एफ फॉर्म, कर नाही. मग डेपोतनं राज्यातल्याच घाऊक व्यापाऱ्याला बिल. “त्यामुळं गोव्याची गाडी सांगलीवरनं गेली तरी इथं माल उतरायचा नाही मॅडम,” ते म्हणाले, “कागद पुण्या-मुंबईचा असायचा ना. माल कागदाच्या मागं फिरतोय.” वर गावात शिरताना जकात नाका, तिथं बिल दाखवायचं, पावती घ्यायची.

जकात पावत्या! त्या कुठं असतील का विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. पण काकांच्या फायलीत मी परत बघितलं, चार बिलांना मागं टाचणीनं नगरपालिकेची पावती लावलेली आहे, मी कचरा समजून बाजूला केल्या होत्या. त्यात मालाचं वर्णन फक्त खेळणी असं आहे, पण तारीख आणि नग बिलाशी जुळतात. म्हणजे पुण्यातनं माल कधी निघाला आणि गावात कधी शिरला दोन्ही कळलं. एकाच दिवसाचा फरक.

फायलीतलं अजून एक. खेळण्यांचं बिल वेगळं कधीच नाही. एकाच बिलात कंपासपेट्या, रबरी चेंडू, पत्ते, फुगे आणि मधेच दोन ओळी जी.आय.जो. काका खेळण्यांचा व्यापारी निवडत नव्हते, जो उधारी देतो त्याच्याकडं जे असेल ते उचलत होते. मिरजेच्या एका स्टेशनरीवाल्यांनी त्यांची जुनी बिलं दाखवली, तिथं व्यापारी कोल्हापूरचा. पुणं नाही. त्याच काळातला माल, शेजारचा जिल्हा आणि वाट वेगळी. ही-मॅन मात्र त्यांच्या बिलात दिसतो आणि काकांच्या फायलीत एकदाही नाही. दूरदर्शनवर ही-मॅन लागायचा तेव्हा साताऱ्यातली पोरं तो मागत नव्हती असं थोडंच आहे, काकांच्या व्यापाऱ्याकडं तो नसायचा एवढंच. माझ्या अंदाजानं कुठल्या गावात कुठली फिगर सापडते हे आवडीवर कमी आणि कोण कुणाचा देणेकरी होता ह्याच्यावर जास्त ठरलेलं आहे. हे दोनच दुकानांवरून बोलतेय, तिसरं मिळालं की तपासून बघणार.

27 जुलै

ठेवण्याची सोय केली. आधी साध्या मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवले होते, ते पीव्हीसी निघालं, वास येतो आणि छपाईला चिकटतं. ही-मॅनच्या मऊ मुंडक्यांना पण पीव्हीसीच्या पिशवीत घालू नका, दोन्ही मिळून चिकट होतात. आता पॉलिप्रॉपिलिनचे कडक कुरकुरणारे फोल्डर, स्टेशनरीत बारा रुपयाला, आणि पत्र्याची ट्रंक, घराच्या वरच्या मजल्यावर. सांगलीत वरचा मजला हा संग्रहाचा भागच धरा.

खर्च आजपर्यंत साडेसहा हजाराच्या आसपास, त्यात नकली पाकिटाचे बुडालेले अठराशे, येण्याजाण्याचं बसचं तिकीट आणि तो तीनशेचा दिवा. दादा विचारतो एवढ्यात नवीन किती आली असती. आली असती.

काकांच्या फायली स्कॅन करून झाल्या, पुढच्या आठवड्यात परत देणार. मिरजेच्या बिलांवर ज्या कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं नाव आहे त्यांच्या मुलाचा पत्ता लागला, फोन झाला. वडिलांच्या सगळ्या वह्या अजून आहेत पण दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत जाणार म्हणतो, किलोचा भावसुद्धा ठरलाय. मी म्हणलं भाव तोच धरा, रद्दीवाला मीच. रविवारी सकाळच्या गाडीनं कोल्हापूर, वजनकाटा तो आणणार आहे, पोती मी नेतेय.